तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला बीएएसएलपीला घालू का?

नीटचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. कधी सोसायटीतल्या काकू, कधी कुणाच्या तरी मावशी. प्रश्न ठरलेला: "एमबीबीएस तर हुकलं. तुमचं ते बोलण्या-ऐकण्याचं असतं ना, त्याला घालू का हिला?" मी रिक्षात असते, नाहीतर दोन पेशंटच्या मधे घाईघाईने डबा खात असते. "घाला की, चांगलं आहे" म्हणून फोन ठेवून देते. परवा मात्र एका बाईंनी मुलीलाच आणून समोर बसवलं. म्हणून आता जरा सविस्तर.

कोरडी माहिती आधी उरकते. बीएएसएलपी म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या अडचणी तपासून त्यावर काम करायची पदवी. बारावी सायन्स लागतं. कोर्स चार वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. पदवी मिळाली की आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करायची. १९९२ च्या कायद्याने ती सक्तीची आहे. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठात हा कोर्स आहे, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, आणि आमच्या लोकांची पंढरी म्हणजे म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, १९६५ सालची. आपण औषध लिहून देत नाही, ऑपरेशन करत नाही. "नात डॉक्टर झाली" असं सांगायची आजीची तयारी झाली असेल, तर तिला आत्ताच समजावून ठेवा.

खरी गंमत अशी की ही एक पदवी नाहीच, दोन धंदे एका दोरीत बांधलेत. एक कानाचा, एक वाचेचा.

कानाच्या बाजूला फिजिक्स पाठ सोडत नाही. पण मला ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, शिकवली ती एका आजोबांनी. ते साउंडप्रूफ खोलीत हेडफोन लावून बसलेले, मी काचेच्या अलीकडे मशीनवर. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. ऐकू आलं की दहा डेसिबलने खाली यायचं, नाही आलं की पाचने वर चढायचं, असं करत करत सगळ्यात हळू कुठला आवाज कळतो ते गाठायचं. आजोबांचा ग्राफ झकास आला, पंचवीस-तीस डेसिबलच्या आसपास (आकडा जितका लहान, तितका कान चांगला). सोबत आलेली सून म्हणाली, "अहो, घरी तर कुकरची शिट्टी कळत नाही यांना." आमच्या मॅडम आल्या, एक शब्द न बोलता त्यांनी आजोबांची खुर्ची भिंतीकडे वळवली. दुसरा ग्राफ साठावर गेला. आजोबा माझा खांदा बघून बटण दाबत होते. "पोरगी एवढी मेहनत करतेय, म्हटलं दाबावं," असं वर सांगितलं.

उलटंही होतं. दिव्यांगांच्या सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं, तेव्हा काही जणांचं बोट ऐकू येऊनही हलत नाही. मग बेरा नावाची तपासणी करायची. माणूस निवांत झोपतो, डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, आवाज गेला की नसांकडून उत्तर येतं ते मशीन टिपतं. तिथे बटणच नाही.

आणि तान्ह्या बाळांची ओएई तपासणी. कानाच्या आतला शंख नुसता ऐकत नाही, स्वतःही बारीकसा आवाज बाहेर टाकतो. डेव्हिड केंप यांनी हे १९७८ मध्ये दाखवलं, आणि आता त्याच आवाजावरून झोपलेल्या बाळाचा कान काही मिनिटांत तपासता येतो. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, असा आमचा हिशेब. प्रत्यक्षात आमच्याकडे मूल येतं ते अडीच-तीन वर्षांचं झाल्यावर. "याचे बाबाही उशिरा बोलले" आणि जिभेला वेखंड लावून झालेलं असतं.

आता वाचेची बाजू. इथे एक गोष्ट प्रवेश घेताना कुणी सांगत नाही: शिकायचं इंग्रजीत आणि काम करायचं मराठीत. पुस्तकातल्या शब्दांच्या याद्या इंग्रजी तोंडांसाठी केलेल्या. "माझा" आणि "माझी" मधला झ एक नाही, हे त्यात कुठून असणार? तो आपण जन्मभर बिनचूक उच्चारतो आणि थेरपीला बसेपर्यंत आपल्याला कळतही नाही. मूल "काका"ला "ताता" म्हणतं, ते कुठल्याही पुस्तकात सापडतं. पण ळ आणि ण कधी पक्के व्हायला हवेत, कुठली चूक चूक आहे आणि कुठली मुलाच्या गावची बोली, हे कान लावून शिकावं लागतं. शहरातल्या इंग्रजी शाळांतल्या पोरींना मी म्हणूनच सांगते, आधी आजीशी बोला.

इंटर्नशिपमध्ये मी एका काकांना चित्रं दाखवत होते. पक्षाघातानंतर वाचा गेलेली, शब्द समोर दिसतो पण ओठांवर येत नाही. परदेशी संचाची झेरॉक्स. टोस्टर आला. काका बघत राहिले, मी शून्य गुण लिहिला. मग ते मोठ्या कष्टाने म्हणाले, "आम... आमच्यात... नाही." मी दुसऱ्या दिवशी घरून पिशवी भरून नेली: किसणी, अडकित्ता, पोळपाट. अडकित्ता हातात घेतल्याबरोबर नाव आलं, मागोमाग "सुपारी". स्वतःच्या मुलीचं नाव मात्र येईना. आणि पावकी, म्हणजे पावाचा पाढा, सुरू करून दिली तर न अडखळता पुढे म्हणत गेले. पाठांतराची वाट वेगळी, ती शाबूत होती. त्यांची बायको दारात उभी राहून रडत होती. मी तो शून्य खोडला.

पगाराचं विचारलंत तर सुरुवातीला बेताचाच. त्याहून अवघड आहे ते वाट बघणं. मी त्या बाईंच्या मुलीला शनिवारी सकाळी येऊन एक सेशन बघ म्हटलं. आली. चार वर्षांचा मुलगा, कानाला मशीन लावून आठ महिने झालेले. मी एका हातात चेंडू, एका हातात गाडी धरून विचारलं, "काय पाहिजे?" आणि गप्प बसले. मनात आकडे मोजायचे, त्याचा शब्द आपण बोलून टाकायचा नाही. पाचपर्यंत गेले असेन, तेवढ्यात मागून ती पुटपुटली, "बॉल." मी वळून बघितलं. पुढच्या वेळी तिने स्वतःच्या तोंडावर हात धरला होता. चौदाव्या आकड्याला मुलाने माझ्या हाताकडे बघत "बॉ" म्हटलं.

ती काही बोलली नाही, बस पकडायला निघून गेली. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला, फी किती असते विचारायला. मुलगी काय म्हणतेय विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही हो, आल्यापासून आजीला पावकी म्हणायला लावतेय."