नाथसागरातली 14 फुटी फायबर होडी : ट्रान्समचं काम

ट्रान्सम, म्हणजे होडीची मागची उभी भिंत (आत प्लाय, दोन्ही बाजूंना फायबर), बाहेरून ठणठणीत दिसत होता. हातोडीने हलके ठोकल्यावर वरती टणटण आवाज, पण खाली, पाणी काढायच्या भोकाभोवती, बद्द. तिथे आतून 5 मिमीचं ड्रिल घातलं. भुसा पिवळा, कोरडा यायला हवा. आला तो चहाच्या चोथ्यासारखा, काळपट, बोटांना चिकटणारा.

कारण त्या भोकातच होतं. प्लायची उघडी कड रेझिनने बंद केलेलीच नव्हती. लाकडातली ओल साधारण 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. समुद्राचं मीठ तिला थोडं तरी रोखतं, धरणाच्या गोड्या पाण्यात तोही अटकाव नाही.

कापण्याआधी दोन्ही काठांना आडवी फळी बांधली, बाहेरून पट्ट्यांचा आधार दिला. नाहीतर प्लाय निघाला की होडी फाकते. बाहेरचं फायबर तसंच ठेवून आतलं कडेपासून 5 सेंमी सोडून कापलं, कुजका प्लाय पटाशीने काढला आणि 36 नंबरच्या डिस्कने चकाकी जाईपर्यंत घासलं. ही धूळ फुप्फुसात जाते, साधा रुमाल चालत नाही.

नवा प्लाय आयएस 710 प्रतीचा, म्हणजे मरीन प्लाय, 18 मिमीचे दोन थर. त्याला पॉलिएस्टर रेझिनचा पहिला पातळ हात संध्याकाळीच द्यायचा. सकाळी दिला तर ऊन चढताना लाकडातली हवा फुगते आणि ओल्या रेझिनवर बारीक बुडबुडे उठतात. संध्याकाळी लाकूड गार होत रेझिन आत ओढतं. प्लायच्या दोन थरांमध्ये, तसंच प्लाय आणि जुन्या फायबरमध्ये, काचतंतूंची मॅट (चौरस मीटरला 450 ग्रॅम) रेझिनमध्ये भिजवून. आतल्या कोपऱ्यांत पुट्टीची गोलाई हवीच, काटकोनात मॅट बसत नाही, खाली पोकळी राहते.

आतून मॅट, 600 ग्रॅमचं रोव्हिंग (काचतंतूंचं विणलेलं जाड कापड), पुन्हा मॅट. बाजूंवर आणि तळावर 15 सेंमी चढवून. एकूण क्षेत्र जवळपास 1 चौरस मीटर. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोनपट, रोव्हिंगला बरोबरीने रेझिन धरलं तर या थरांना 2.6 किलो लागतं. चिकटवण्याचं धरून 5 किलो आणलेलं बरं.

एप्रिल-मेच्या उन्हात हार्डनर 1 टक्का पुरे, म्हणजे अर्ध्या किलोला सुमारे 5 मिली. रेझिन लवकर धरतं म्हणून त्याहून कमी घालू नका, थर कच्चा राहतो. त्याऐवजी मॅटचे थर पहाटे द्या, एका वेळी अर्धाच किलो कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. मगात तेच रेझिन स्वतःच्या उष्णतेने भसकन तापून घट्ट होतं. कोबाल्ट (हार्डनरचं काम वेगाने करवणारं द्रावण) रेझिनमध्ये आधी नीट मिसळायचं, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो.

बोल्टची भोकं सगळ्यात शेवटी, कारण ती इपॉक्सी या वेगळ्या रेझिनने भरायची असतात आणि इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. 8 मिमी बोल्टसाठी 12 मिमीचं भोक पाडून घट्ट इपॉक्सीने भरायचं, पक्कं झाल्यावर मधोमध 8 मिमी पाडायचं. बोल्टला पाणी लागलं तरी प्लायला लागत नाही.

स्ट्रिंगरची (तळाला लांबीभर आधार देणाऱ्या पट्ट्यांची) मागची टोकंही वीतभर कुजली आहेत. ती पुढच्या नोंदीत.