खिसे रिकामे केले तरी

शाळातपासणी पथकांच्या प्रशिक्षणात वजनकाट्याचा तास माझ्याकडे असतो. यंदा तिसरीतल्या एका मुलाचं वजन दोनदा घेतलं. आधी स्वेटर, बूट, पट्टा आणि खिशातल्या गोट्यांसकट, मग नुसत्या शर्ट-चड्डीवर. फरक भरला ९०० ग्रॅम. या वयाचं मूल वर्षाला दोन-अडीच किलो वाढतं. म्हणजे चार-पाच महिन्यांची वाढ कपड्यांतच गेली की! उरलेला तास मग लॅनर्कशायरवर गेला.

स्कॉटलंडच्या या कोळसा-पोलादाच्या परगण्यात १९३० साली ६७ शाळांतल्या २०,००० मुलांवर दुधाचा प्रयोग झाला. फेब्रुवारी ते जून रोज पाऊण पिंट, म्हणजे सव्वाचारशे मिली दूध. ५,००० मुलांना कच्चं, ५,००० मुलांना पाश्चराइज्ड. उरलेली १०,००० बिनदुधाची, तुलनेसाठी. वजन करताना बूट काढायचे, ओव्हरकोट-मफलर बाजूला, मुलग्यांचे खिसेसुद्धा रिकामे करून घ्यायचे. आमच्या कितीतरी पथकांना एवढं जमत नाही.

घोळ झाला तो मुलं निवडताना. चिठ्ठ्या टाकून किंवा आडनावांच्या क्रमाने गट पाडायचे होते. पण एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा हडकुळी मुलं जास्त आली, तर अदलाबदल करायची मुभा शाळेला होती. समोर उपाशी पोर उभं असताना मास्तर त्याला कुठल्या यादीत घालणार? डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत नोकरी करणारे आणि ‘स्टुडंट’ या नावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ गॉसेट यांनी १९३१ साली हे उघड केलं: बिनदुधाची मुलं सुरुवातीलाच वजनात सुमारे तीन आणि उंचीत चार महिन्यांच्या वाढीइतकी पुढे होती.

त्यात कपडे. फेब्रुवारीत लोकर, जूनमध्ये पातळ कापड. दोन्ही गटांचे कपडे सारखेच हलके झाले असते, तर हिशेब बिघडला नसता. पण गरिबाच्या पोराकडे थंडीतही काढून ठेवण्याजोगं फारसं नसतं. सुखवस्तू मुलं बिनदुधाच्या गटात जास्त, त्यामुळे जूनच्या काट्यावर त्याच गटाचं वजन कपड्यांपायी जास्त घटणार आणि दुधाचा गुण असेल त्याहून मोठा दिसणार. उंचीला ही बाधा नाही. कच्चं आणि पाश्चराइज्ड यांची तुलना तर आणखी कच्ची, कारण एका शाळेत एकच प्रकार दिला होता. फरक दुधाचा की शाळेचा, कसं ठरवायचं?

खर्च झाला साधारण साडेसात हजार पौंड. गॉसेट यांचं म्हणणं, एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या, जोडीतल्या कुणाला दूध ते नाणं उडवून ठरवा. खर्च त्याच्या शेकडा एक-दोनच.

आम्हाला जुळी कुठून मिळायला! म्हणून पथकांना एवढंच सांगितलं: दोन्ही फेऱ्यांना शर्ट-चड्डी किंवा फ्रॉकवरच वजन घ्या, दर दहा मुलांनंतर काटा शून्यावर आहे ना ते बघा. दूध कुणाला ते ठरवायच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा आणि यादीवर तिथल्या तिथे सही घ्या. नंतर एखाद्या हडकुळ्या पोराला दूध द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, फक्त त्याच्या नावापुढे तशी खूण करा.