डॉक्टर, हे मलाच का झालं?

किडनीच्या बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हा आजार निघाला की समोरचा माणूस बहुतेकदा हाच प्रश्न विचारतो. पाठोपाठ, "पाणी कमी प्यायलो म्हणून का?" नाही, पाण्याचा इथे काही संबंध नाही. हा आजार का होतो, ते नीट सांगते.

या आजारात किडनीची गाळणी प्रथिनं धरून ठेवू शकत नाही. लघवीला फेस येतो, पाय सुजतात. दरवर्षी लाखभर प्रौढांमागे साधारण एकाला हा आजार होतो. तरीही मधुमेह नसलेल्या प्रौढांमध्ये नेफ्रोटिक सिंड्रोमच्या (लघवीतून खूप प्रथिनं जाऊन अंगावर सूज येण्याच्या) प्रमुख कारणांत तो मोडतो. बायकांपेक्षा पुरुषांत जवळपास दुप्पट, आणि बहुतेक पन्नाशी-साठीच्या आसपास. २००९ मध्ये बॉस्टनच्या लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांच्या गटाने दाखवलं की बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात गाळणीतल्याच पीएलए२आर नावाच्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी असते. म्हणून पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांना मी आधी सांगते, तुमचं काही चुकलेलं नाही. साधारण एक तृतीयांश लोकांचा आजार तर आपोआप ओसरतो.

पण चोवीस वर्षांची मुलगी हाच रिपोर्ट घेऊन आली, तर "मलाच का?" हा प्रश्न मलाही पडतो. तिचं वय या आजाराचं नाही. मग शोध सुरू होतो: ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे का, हिपॅटायटिस बी आहे का, वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का. (वय जास्त असेल तर कर्करोगही बघावा लागतो.) आणि सोबतचे लोक बाहेर गेल्यावर हळूच विचारते, "चेहऱ्याला काय लावता?"

केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या २२ रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या १५ जणांच्या बायॉप्सीत नेल-१ हे वेगळंच प्रथिन सापडलं, आणि त्या १५ पैकी १३ जण रंग उजळवणारं क्रीम लावत होते. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून त्वचा उजळते. पण कातडीतून आत शिरतो आणि किडनीत साठतो. पारा असलेल्या काही पारंपरिक औषधांबाबतही वेल्लोरच्या डॉक्टरांना हेच आढळलं. क्रीम किंवा औषध थांबवल्यावर बहुतेकांची लघवीतली प्रथिनं कमी झाली. इथे लवकर विचारलेला एक प्रश्न कित्येक महिन्यांची जड औषधं वाचवू शकतो, म्हणून मी तो विचारायला कधीच संकोचत नाही.

मुली मात्र संकोचतात. काळी म्हणून हिणवलं गेलेलं असतं, लग्नाची बोलणी चाललेली असतात. मी रागावत नाही. एवढंच सांगते, पुढच्या वेळी येताना घरातली ट्यूब, डबी, पुडी, जे काही असेल ते पिशवीत घालून आणा. लेबल नसलं तरी चालेल.