आईच्या घरी फायबर आलं

परवा दुपारी साडेतीनला आईचा व्हिडिओ कॉल आला. इथे जर्मनीत माझी ऑफिसची वेळ, पण तिकडे सात वाजलेले, म्हणजे तिच्या मालिकेची वेळ. त्या वेळेत आई फोन करत नाही. काळजात धस्स झालं. स्क्रीनवर चेहरा नव्हताच. भिंतीवरचा इंटरनेटचा पांढरा डबा आणि त्यावरचा लाल दिवा, दादाच्या मोबाईलवरून तुटत तुटत दिसत होता. "पाऊस पडूलाय आणि हा लाल झालाय बघ. काय करू?"

आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मलप्रभा उगम पावते ती कणकुंबी तिथून फार लांब नाही. जून ते सप्टेंबर ओसरीतली कपड्यांची दोरीसुद्धा वाळत नाही. त्या पावसात छपरावरची डिश मुकी व्हायची, कारण उपग्रहाकडून येणारा सिग्नल पाण्याच्या धारांतच विरतो. त्याआधीच्या तांब्याच्या फोनची तर रड वेगळीच. जोडात पाणी शिरलं की नुसती घरघर. आईचा आवाज आठ-आठ दिवस ऐकू न येण्याची मी किती वर्षं काढली, ते परदेशात मुलं असलेल्या घरांना सांगायला नको.

गेल्या गणपतीत मी घरी होते, तेव्हा फायबर आलं, म्हणजे काचेच्या धाग्यातून येणारं इंटरनेट. लाईनमन बैलहोंगलकडचा, कानडी बोलणारा. आई मराठीत बोलायची, तो कानडीत, आणि दोघांचं अडत काहीच नव्हतं. ओसरीत पोतं अंथरून त्यानं धागे जोडायचं स्प्लायसिंग मशीन मांडलं. वायरचं काळं कव्हर सोललं, आतून केसासारखा काचेचा धागा निघाला. स्पिरिटच्या कापसानं पुसून त्याचं टोक मोजून कापलं, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. छोट्या स्क्रीनवर ती जवळ सरकली, एक ठिणगी पडली आणि दोन्ही काचा वितळून एक झाल्या. आई श्वास रोखून बघत होती. थोड्या वेळानं डब्यावरचा दिवा हिरवा झाला आणि तो म्हणाला, "बेळकु बंतु." आई म्हणाली, "उजेड आला." एकच वाक्य, दोन भाषांत. सीमाभागात वाढलेल्या मला त्या क्षणी भरून आलं.

उजेड हा शब्द तिथे अगदी खरा आहे. त्या एका धाग्यातून वेगवेगळ्या तरंगलांबीचे तीन प्रकाश जातात, डोळ्यांना न दिसणारे. 1490 नॅनोमीटरचा इंटरनेट घरी आणतो, 1310 चा आपलं बोलणं बाहेर नेतो आणि 1550 चा टीव्हीची चॅनेल आणतो. सगळीकडे टीव्ही असाच येतो असं नाही, पण आमच्या केबलवाल्याकडे असाच आहे. म्हणून डब्याच्या मागे टीव्हीची जुनी गोल पिनही आहे. काचेत वीज वाहत नाही, त्यामुळे ओलाव्यानं लाईन घरघरत नाही. खांबावरच्या डबीत एक धागा 32 घरांना वाटला जातो, तिलाही वीज लागत नाही.

मग लाल दिवा का? लाल म्हणजे प्रकाश पोचत नाही. दादानं वायर मागून तपासत नेली. उरलेली वायर आईनं नीटनेटकी गुंडाळून देवघराशेजारच्या खिळ्यावर अडकवली होती, आणि वर ओली छत्री टांगली होती. खिळ्यापाशी वायर काटकोनात मोडलेली. काचेला तीव्र वळण चालत नाही, प्रकाश तिथेच बाहेर सांडतो. दुसऱ्या दिवशी लाईनमननं लाल लेझरचा पेन लावला तेव्हा नेमकं ते वळण निखाऱ्यासारखं चमकलं. आता वायरचं वेटोळं ताटाएवढं मोठं आहे आणि छत्रीला दुसरा खिळा.

तुमच्याकडे फायबर घेत असाल तर एक कराच: डब्यासाठी आणि राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. लाईन शाबूत असते, पण घरातली वीज गेली की डबा बंद. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. तक्रारीच्या नंबरवर कानडी, इंग्रजी, हिंदी, एवढेच पर्याय. आईला यातलं एकही धड येत नाही. सुरुवातीच्या पॅकेजमध्येही मराठी चॅनेल मोजकीच होती, बाकीची पैसे भरून वेगळी घ्यावी लागली. महिन्याचे पैसे आम्हीही भरतो. मग आमच्या भाषेतला एक पर्याय ठेवायला काय हरकत आहे?

इथे एसलिंगनमध्ये माझ्या बिल्डिंगला अजून तांब्याचीच लाईन आहे, यावर घरी कोणी विश्वास ठेवत नाही. 1981 साली तेव्हाचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांच्या सरकारनं देशभर फायबर घालायचं ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी सरकार बदललं आणि टीव्हीसाठी तांब्याच्या केबलचं जाळं पसरलं. आता फायबरची कंपनी खणायच्या आधी दारोदार माणूस पाठवते: साधारण तीनपैकी एका घरानं सही केली तरच त्या भागात खोदकाम. आमच्या गल्लीत हल्ली तेच चाललंय.

हे मी दादाला सांगितलं आणि सह्यांची ती कल्पना त्यानं उचलली. 2011 मध्ये केंद्रानं ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. पण पंचायतीपासून घरापर्यंतची शेवटची लाईन कुणाची? ओढ्यापलीकडच्या वाडीत चौदा घरं आहेत, खांब ओढ्याच्या अलीकडेच संपतात. केबलवाला म्हणाला, चारच घरं लाईन घेणार असतील तर चार खांब परवडत नाहीत. दादा गेल्या रविवारी छत्री घेऊन वाडीत फिरला. चौदांपैकी अकरा घरांनी वहीत नाव लिहून सही केली, दोन आज्यांनी अंगठा दिला. वहीच्या पानाचा फोटो त्यानं मला पाठवलाय. केबलवाला बघून म्हणाला, पाऊस उघडला की खांब रोवतो.