एका ओएचचा फरक

शेवग्याचा पाला हा आमच्याकडच्या एमएस्सीच्या मुलांचा हक्काचा विषय. पाला फुकट मिळतो, अर्क हमखास निघतो, डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणाऱ्या चाचणीत आकडेही बरे येतात. म्हणून यंदा अट घातली: नुसता अर्क तपासायचा नाही, आतली द्रव्यं सुटी करून दाखवायची.

विद्यार्थिनीने पाला सावलीत वाळवला, पेट्रोलियम ईथरने मेण आणि बरंचसं हरितद्रव्य काढलं, मग मिथेनॉलमध्ये अर्क घेतला. पानातली फ्लेवोनॉइड्स, म्हणजे आम्हाला हवी असलेली अँटिऑक्सिडंट द्रव्यं, बहुतेक साखरेला जोडलेली असतात. तो जोड तोडायला अर्क हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये उकळला. द्रव्यं वेगळी करायची ती कॉलममध्ये, म्हणजे सिलिकाची भुकटी भरलेल्या उभ्या नळीत. हा कॉलम मात्र अंत पाहतो; ठिबकणारं द्रावण ट्यूबमध्ये धरत बसा आणि टीएलसी करत राहा, म्हणजे सिलिकाच्या पातळ प्लेटवर थेंब चढवून कुठलं द्रव्य आलंय ते बघत राहा. अखेर दोन पिवळ्या पावडरी हाती आल्या, अगदी जुळ्या बहिणी. प्लेटवर वर चढलेलं केम्फेरॉल, खाली राहिलेलं क्वेर्सेटिन.

मग डीपीपीएच. मिथेनॉलमधलं हे द्रावण गर्द जांभळं असतं. त्याला कुणी हायड्रोजन दिला की पिवळं पडतं. दोन्ही पावडरी सारख्याच प्रमाणात टाकल्या. क्वेर्सेटिनच्या ट्यूबमधला जांभळा रंग बघता बघता उतरला. केम्फेरॉलचा उतरेना. अर्धा तास अंधारात ठेवून 517 नॅनोमीटरच्या प्रकाशात उरलेला रंग मोजला, तरी केम्फेरॉल मागेच.

"मॅडम, माझं दुसरं अशुद्ध असेल का?" तिचा चेहरा पडला.

अशुद्ध नव्हतं. फळ्यावर दोन्ही रेणू काढले. केम्फेरॉलचं सूत्र C15H10O6, क्वेर्सेटिनचं C15H10O7. क्वेर्सेटिनच्या बी रिंगवर, म्हणजे रेणूतल्या एका कड्यावर, दोन ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट) शेजारी शेजारी असतात. एकाने हायड्रोजन दिला की उरलेला एकटा इलेक्ट्रॉन शेजाऱ्यामुळे सांभाळला जातो. केम्फेरॉलच्या त्या रिंगवर ओएच एकच. पुस्तकात हे मी कितीदा शिकवलंय, पण शेजारच्या दोन ट्यूबमध्ये बघताना मलाही मजा वाटली.

लॅबचे मामा मागे उभेच होते. "मग शुगरला यातली कुठली घ्यायची?"

"कुठलीच नाही, मामा. पाल्याची भाजी खा." ट्यूबमधला विजेता शरीरातही जिंकेल असं नसतं. पोटात गेलेल्या क्वेर्सेटिनला आतडं आणि यकृत नवे गट चिकटवतात. रक्तात फिरतं ते बहुतांशी वेगळ्याच रूपात.

तिच्या पोस्टरच्या मसुद्यातली 'कर्करोगावर गुणकारी' ही ओळ मी त्याच दिवशी खोडली. ती थोडी हिरमुसली. आता तिला ल्युटिओलिन हे आणखी एक फ्लेवोनॉइड तपासायचंय, कारण त्यात ओएचची ती जोडी आहे, पण क्वेर्सेटिनमधला तिसऱ्या कार्बनवरचा ओएच नाही. पुन्हा कॉलम लावू नकोस, सरळ विकत माग, असं सांगितलंय.