मॅनेजर बदलला, आकडा तोच राहिला

आज शिकागो कब्ज या अमेरिकन बेसबॉल संघाच्या चाहत्यांमध्ये पुन्हा तोच वाद रंगला: संघ मॅनेजरमुळे (म्हणजे मुख्य प्रशिक्षकामुळे) जिंकतो की खेळाडूंच्या निवडीमुळे? माझं मत पक्कं आहे, निवडीमुळे.

2023 मध्ये डेव्हिड रॉस मॅनेजर होता. 83 विजय, 79 पराभव, आणि वाइल्ड कार्ड, म्हणजे गटविजेत्यांव्यतिरिक्त प्लेऑफमध्ये मिळणारी जागा, एका सामन्यानं हुकलं. मग रॉसला काढून क्रेग काउन्सेलला आणलं, 5 वर्षांसाठी 4 कोटी डॉलर देऊन. 2024 चा निकाल? परत 83-79.

काउन्सेल उत्तम मॅनेजर आहे, त्यात शंकाच नाही. पण बुलपेन, म्हणजे सामन्यात मधेच येणाऱ्या पिचरांचा (चेंडू फेकणाऱ्यांचा) ताफा, कच्चं असेल तर तो तरी काय करणार! 26 जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त 13. शिवाय 2020 पासूनचा नियम: दुखापत सोडली तर रिलीव्हरनं (मधेच आलेल्या पिचरनं) किमान 3 बॅटरना सामोरं जायचं किंवा तो अर्धा डाव संपवायचा. म्हणजे आठव्या इनिंगमध्ये (डावात) आलेल्याचा कंट्रोल सुटला, पहिले दोन बॅटर वॉकवर (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटात पहिल्या बेसवर) गेले, तरी त्याला लगेच काढता येत नाही. तिसरा बॅटर त्यालाच खेळवावा लागतो, आणि सामना तिथेच निसटतो.

2024 च्या डिसेंबरमधला स्टार बॅटर कायल टकरला संघात आणणारा ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) सगळ्यांना आठवतो. त्याच हिवाळ्यात पिचर ब्रॅड केलर साध्या मायनर लीग करारावर (मुख्य संघात जागेची हमी नसलेल्या) आला, त्याबद्दल कोण बोलतं? 2025 मध्ये शेवटच्या इनिंग्जमध्ये त्यानं किती सामने सांभाळले! मॅनेजर तोच काउन्सेल, आणि विजय 92.