तुम्ही विचारलंत म्हणून: परांची न बांधता 99 फूट

लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स टॉवर्स या मनोऱ्यांचा फोटो पाहिला की बहुतेक जण एकच विचारतात: एकट्या माणसानं, परांची न बांधता, एवढ्या उंचीवर काम केलं कसं? थोडक्यात सांगायचं तर मनोराच त्याची परांची होता. पण हे नीट समजायचं तर तो माणूस पोटासाठी काय करायचा, तिथून सुरुवात करावी लागते.

सबातो रोदिया. अमेरिकेत सायमन, शेजाऱ्यांसाठी सॅम. जन्म 1879 चा, दक्षिण इटलीत कांपानियातल्या सेरिनोजवळच्या रिबोत्तोली या खेड्यात. पंधरा-सोळाव्या वर्षी भावाच्या पाठोपाठ पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा पट्ट्यात आला. भाऊ खाणीतल्या अपघातात गेला आणि हा पश्चिमेकडे सरकत राहिला. दगडखाणी, लाकूडतोड, रेल्वेच्या छावण्या, बांधकामावरची मजुरी असं करत शेवटी टाइल बसवण्याच्या कामात त्याचा हात बसला. लग्न झालं, तीन मुलं झाली, मग दारू वाढली आणि संसार मोडला. 

1921 मध्ये त्यानं लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात रुळांलगतचा एक त्रिकोणी तुकडा घेतला. पत्ता 1765, पूर्व 107 वा रस्ता. त्रिकोणी प्लॉट सहसा कुणाला नको असतो. पुढची 33 वर्षं, दिवसाची मजुरी करून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी, तो इथे काम करत राहिला. एकूण 17 रचना झाल्या: तीन मोठे मनोरे, एक जहाज, पक्ष्यांसाठी पाण्याची कुंडं, भोवतालची भिंत.

पद्धत अशी. हाती येईल ते लोखंड घ्यायचं: सळई, अँगल, टी-सेक्शन, जुना पाइप, खाटेचे दांडे. वाकवायला यंत्र नव्हतं. पट्टी शेजारच्या रुळाखाली अडकवायची आणि स्वतःच्या वजनानं दाबायची, की कमान तयार. रूळ हाच त्याचा शिकंजा. दोन तुकडे जोडताना टोकं एकमेकांवर घ्यायची, तारेनं आवळायची, वर जाळी गुंडाळायची आणि मसाला, म्हणजे कालवलेलं सिमेंट, थापायचा. सगळ्या कामात एक वेल्डिंग नाही, एक नटबोल्ट नाही, रिव्हेटही नाही. ओव्हरलॅप पुरेसा असेल आणि मसाला जाळीच्या आतपर्यंत गेला असेल, तर सांधा मूळ दांड्याइतकाच कामाचा होतो. मसाला नुसता वरून फासला तर आत पोकळी राहते, तिथे पाणी साचतं आणि गंज धरतो.

आता उंचीचं. उभे दांडे थोडे वर न्यायचे, त्यांना आडवी कडी घालायची. मसाला घट्ट झाला की त्याच कड्यावर पाय ठेवून पुढचं कडं. मनोऱ्यांवर कड्यांची जी दाटी दिसते ती नुसती नक्षी नव्हे, त्या पायऱ्या आहेत. खिडक्या पुसणारे वापरतात तसा पट्टा कमरेला, पक्कड खिशात, मसाला बादलीत. म्हणून एका खेपेत एकट्याला उचलता येईल त्याहून जड काहीच इथे वापरलेलं नाही. शिवाय कालवलेला मसाला तास-दीड तासात ताठरायला लागतो, आणि वर चढण्यातच त्यातला वेळ जातो. त्यामुळे थोडाच कालवायचा, संपवायचा, उतरायचं. पुन्हा पाणी मारून मऊ केलेला मसाला पुढे हमखास भुसभुशीत होतो.

मसाला ओला असतानाच त्यात तुकडे दाबायचे. हे खास टाइलवाल्याचं काम. तुकडा वरून टेकवला तर तो उन्हापावसात सुटतो; थोडा हलवत दाबला की मागची हवा निघते आणि कडेनं मसाला वर येऊन त्याला धरतो. फुटक्या टाइल, कपबश्या, आरसे, शिंपले, हिरव्या सेव्हन-अपच्या बाटल्या, मिल्क ऑफ मॅग्नेशिया या औषधाच्या निळ्या. काही तुकडे आसपासची पोरं आणून द्यायची, काहींसाठी तो रुळांच्या कडेनं मैलोन्‌मैल चालायचा. जिथे तुकडे नाहीत तिथे ओल्या सिमेंटवर हत्यारांचे, मक्याच्या कणसांचे, नळाच्या चावीचे ठसे आहेत.

आज या पद्धतीला फेरोसिमेंट म्हणतात. आपल्याकडे पाण्याच्या टाक्या याच तंत्रानं होतात. पिएर लुईजी नेर्वी या इटालियन अभियंत्यानं 1940 च्या दशकात हे तंत्र नावारूपाला आणलं, तोवर रोदियाचं काम वीस वर्षं चाललेलं होतं. मनोरे आणि जहाज हा आकार मात्र गावाकडचा असावा असं अनेक अभ्यासक मानतात, आणि ते पटतं: सेरिनोपासून फार लांब नसलेल्या नोलामध्ये दर जूनमध्ये संत पाओलिनोच्या उत्सवाला जवळपास 25 मीटर उंचीचे लाकडी मनोरे आणि एक नाव खांद्यावर मिरवतात.

1955 च्या सुमारास त्यानं जागा शेजाऱ्याला देऊन टाकली, उत्तरेकडे मार्टिनेझला नातेवाइकांजवळ गेला आणि पुन्हा तिथे राहायला आला नाही. नगरपालिकेनं बांधकाम धोकादायक ठरवून पाडायला काढलं. तो धोका खरा आहे का हे पाहायला 10 ऑक्टोबर 1959 ला विमान अभियंता बड गोल्डस्टोन यांच्या आखणीनुसार सर्वांत उंच मनोऱ्यावर बाजूनं 10,000 पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचार टनांचा भार लावला. मनोरा उभा राहिला, ओढणाऱ्या यंत्रणेनंच आधी मान टाकली. पाया तर दीड फूटही खोल नाही. वारा जाळीतून आरपार जातो, पाय फाकलेले आहेत, आणि रचना वरून एकमेकींना कमानींनी बांधलेल्या आहेत. ताकद त्यात आहे.

खरा शत्रू ऊन आणि गंज. उन्हाची बाजू तापून प्रसरण पावते, मनोरा सूर्यापासून किंचित झुकतो, संध्याकाळी परत येतो. रोजच्या या हालचालीत मसाल्याला भेगा पडतात. भेगेतून ओल आत जाते, लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडाहून जास्त जागा घेतो आणि वरचा पापुद्रा शिंपल्यांसकट ढकलून देतो. रोदिया स्वतःही राहत होता तोवर भेगा भरतच होता. कडक सिमेंटनं भेग भरली की पुढच्या उन्हाळ्यात ती शेजारीच पुन्हा उघडते. म्हणून आता भेगांसाठी थोडं ताणलं जाणारं, लवचीक भरण वापरतात.